पेपरात 'प्रोरोग' दिसला तर घाबरू नका, आधी कर्ता बघा

एमपीएससी-यूपीएससीवाले सोडले तर या शब्दाच्या वाटेला फारसं कुणी जात नाही, पण अधिवेशन संपलं की इंग्रजी पेपरात तो हटकून दिसतोच. आधी उच्चार घ्या. स्पेलिंगच्या शेवटी यू-ई आहे पण ते बोलायचं नाही, सरळ प्रोरोग, शेवट आपल्या 'रोग'सारखाच, आणि नाम हवं असेल तर प्रोरोगेशन.

अर्थ एवढाच की सभागृहाचं सत्र अधिकृतपणे संपवणं. लोक गडबडतात ते अ‍ॅडजर्न आणि डिझॉल्व्हमुळे, म्हणून कर्ता बघायचा. लोकसभा अध्यक्ष किंवा राज्यसभेच्या सभापतींनी केलं तर ते अ‍ॅडजर्न, म्हणजे तहकूब, मग जेवणापुरतं असो नाहीतर बेमुदत. राष्ट्रपतींनी केलं, राज्यात राज्यपालांनी, तर प्रोरोग. डिझॉल्व्ह, म्हणजे विसर्जित, पण राष्ट्रपतीच करतात पण फक्त लोकसभा, आणि त्यात खासदारकीच जाते. राज्यसभा डिझॉल्व्ह कधी होतच नाही, प्रोरोग मात्र होते. घटनेत हे कलम ८५ मध्ये आहे, राज्यांसाठी १७४. मराठीत 'सत्रसमाप्ती' म्हणतात, आपल्याकडच्या बातम्यांत 'अधिवेशन संस्थगित' असंही येतं.

फरक नुसता कागदावरचा नाहीये बरं का. बेमुदत तहकूब झालंय पण सत्रसमाप्ती झाली नाही, तर अध्यक्ष सभागृह परत बोलावू शकतात, एकदा प्रोरोग झालं की राष्ट्रपतींनीच नव्याने बोलवायला लागतं. अडकलेली विधेयकं आपल्याकडे प्रोरोगने मरत नाहीत (कलम १०७ बघा), ब्रिटनमध्ये मात्र पुढच्या सत्रात न्यायचं आधी ठरलं नसेल तर बारगळतात.

आता मूळ, आणि मजा इथेच आहे. लॅटिनमध्ये 'रोगारे' म्हणजे विचारणं, इंटरोगेट आणि प्रेरॉगेटिव्ह त्याच घरातले. रोममध्ये कायदा करायचा तर लोकांपुढे जाऊन विचारायचे. इ.स.पू. ३२६ मध्ये पब्लिलियस फिलो हा कॉन्सल, म्हणजे वर्षभरासाठी निवडलेला रोमचा सर्वोच्च अधिकारी, आजच्या नेपल्सला वेढा घालून बसला होता, मुदत संपत आली, ऐन वेढ्यात सेनापती कोण बदलणार, म्हणून लोकांना विचारून त्याचा अधिकार पुढे चालू ठेवला, याला प्रोरोगाशियो म्हणायचे. म्हणजे मुळात मुदतवाढ! त्यावरून लांबवणं, मग पुढे ढकलणं, आणि पुढच्या सत्रापर्यंत ढकलतात म्हणून संसदेचं सत्र संपवणं.

वापरताना एवढं पाळा की ऑफिसची मीटिंग पुढे गेली तर पोस्टपोन म्हणा, प्रोरोग म्हणालात तर लोक हसतील.

शब्दांचा फरक किती कडक पाळतात ते २०१९ मध्ये दिसलं. तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या सल्ल्यावरून ब्रिटिश संसद प्रोरोग केली होती, २४ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टाच्या ११ न्यायाधीशांनी एकमताने ते बेकायदेशीर ठरवलं, आणि दुसऱ्याच दिवशी हाऊस ऑफ कॉमन्सच्या स्पीकरनी ९ सप्टेंबरची नोंद दुरुस्त करायला लावली: सभागृह प्रोरोग नाही, अ‍ॅडजर्न झालं होतं.