हिवाळी सायकलिंग टाइट्स घेताना कमी उंचीच्या बायकांनी या चुका टाळा

थंडीत दीड-दोन तास सायकल चालवून घरी यावं, टाइट्स उतरवाव्यात आणि गुडघ्याच्या लवणीत आडवा लाल वळ उठलेला दिसावा, हे कमी उंचीच्या अनेक जणींना ओळखीचं असेल. माझी उंची १५२ सेंटिमीटर. मला तो वळ सलग दोन हिवाळे उठत होता. आधी वाटलं त्वचाच नाजूक आहे, म्हणून क्रीम बदललं. मग सीट वर-खाली करून पाहिली. खरं कारण होतं गुडघ्यामागे साचणारं चार बोटं जास्तीचं कापड. पॅडलचे मिनिटाला ८० फेरे धरले तर तासाभरात एकेक गुडघा ४,८०० वेळा वाकतो, आणि तितक्याच वेळा ती चुणी कातडीवर घासते.

उन्हाळ्यातल्या शॉर्ट्स मांडीवरच संपतात, त्यामुळे हा त्रास तेव्हा लक्षातही येत नाही. पायभर टाइट्स घातल्या की मात्र गुडघा, पोटरी आणि घोटा अशी तीन ठिकाणं जुळावी लागतात.

लहान साइज म्हणजे आखूड साइज नव्हे

सगळ्यात जास्त पैसे याच गैरसमजापायी वाया जातात. तयार कपड्यांमध्ये आधी एक मधला नमुना बनतो आणि त्यावरून बाकीचे साइज काढले जातात. साइज उतरतो तसा कमरेचा, नितंबांचा, मांडीचा घेर चांगलाच कमी होतो. पायाची लांबी त्या मानाने थोडीशीच घटते. म्हणून ‘एम’ लांब होते म्हणून ‘एक्सएस’ घेतली की टाइट्स मांडीला आवळतात आणि घोट्यावर तरीही गोळा होतातच.

घट्ट टाइट्स जास्त ऊब देतात असंही नाही, उलटंच होतं. हिवाळी कापडाची आतली बाजू घासून मऊ, लवदार केलेली असते. त्या लवेत अडकलेली हवा ऊब धरते. कापड प्रमाणाबाहेर ताणलं की लव विरळ होते, वीण उघडते आणि वारा आत शिरतो. मांडी वाकवल्यावर कापड पांढुरकं, विरविरीत दिसत असेल तर तो साइज तुमचा नाही.

साइज नितंबांच्या मापावरूनच निवडा. लांबीचा विचार वेगळा करायचा. ‘पेटीट’ माप साधारण १६३ सेंटिमीटर आणि त्याखालच्या उंचीसाठी काढलेलं असतं. नीट बनवलेल्या पेटीट मापात पायाबरोबर आसनाची, म्हणजे कमरेपासून जांघेपर्यंतच्या भागाची उंची आणि गुडघ्याची जागाही वर सरकवलेली असते. फक्त पायाची लांबी कमी केलेल्या टाइट्स असतील तर घोटा सुटसुटीत बसतो, पण गुडघ्याचा प्रश्न जिथल्या तिथेच राहतो.

घोटा पाहायचा आणि गुडघा विसरायचा

टाइट्स घातल्या की सगळ्यांची नजर आधी खाली जाते: घोट्याशी किती कापड उरलं? मी म्हणेन, आधी गुडघा पाहा. घोट्याशी दोन बोटं जास्त असतील तर कापता येतात. गुडघ्याची जागा चुकली तर कोणताही शिंपी ती सहज दुरुस्त करू शकत नाही.

चांगल्या हिवाळी टाइट्सचा गुडघा सपाट शिवत नाहीत. पाय वाकलेला असेल असं धरून तिथे तुकडे जोडून फुगवटा दिलेला असतो. कित्येकदा पुढे वारा अडवणारं कापड लावतात आणि मागे लवणीत पातळ, जास्त ताणणारं. पाय आखूड असला की ही सगळी रचना खाली घसरते. फुगवटा नडगीवर येऊन बसतो, वारा अडवणारा तुकडा गुडघ्याच्या वाटीखाली जातो आणि लवणीत नेमकी जाड शिवण येते. शांत हवेतही ताशी २५ किलोमीटर वेगाने जाताना गुडघ्यावर ताशी २५ किलोमीटरचा वारा लागतच असतो. ज्या कापडासाठी पैसे मोजले ते तिथे नसेल तर टाइट्स महागाच्या असूनही गुडघे गारठतात.

हे घरच्या घरी तपासता येतं. टाइट्स घालून खुर्चीत बसा, पाय काटकोनात ठेवा आणि वाटीचा मध्य चाचपून तिथे खडूची रेघ मारा. मग पाहा, शिवलेल्या फुगवट्याचा मध्य त्या रेघेपासून किती खाली आहे. दोन-तीन सेंटिमीटरचा फरक मी चालवून घेते. पाच सेंटिमीटर असेल तर परत करते, रंग कितीही आवडला तरी.

एक सोपी गोष्ट मात्र आधी करून पाहा. बहुतेक जणी टाइट्स कमरेला धरून वर ओढतात. तसं केलं की कापड मांडीवर ताणलं जातं आणि ढिलेपणा गुडघ्याखाली अडकून राहतो. त्याऐवजी पायमोज्यासारखी गुंडाळी करा, आधी घोटा बसवा, मग पोटरी, मग गुडघ्याचा तुकडा वाटीवर नेमका आणा. मांडीवरचं कापड तळहातांनी वर सारत न्या आणि कंबर सगळ्यात शेवटी. नुसत्या नीट घालण्यानेही एक-दोन सेंटिमीटरचा फरक मिटतो.

फक्त उंची सांगून खरेदी करणं

१५२ सेंटिमीटरच्या दोघी शेजारी उभ्या केल्या तर एकीचं धड लांब, दुसरीचे पाय लांब. म्हणून उंचीवरून काहीच ठरत नाही. तीन मापं घ्या आणि कुठेतरी लिहून ठेवा.

पहिलं, पायाची आतली लांबी. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभ्या राहा, कडक पुठ्ठ्याचं पुस्तक दोन्ही पायांच्या मधून वर घट्ट टेकवा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. टाइट्स जमिनीपर्यंत नसतात, तेव्हा घोट्याच्या हाडापर्यंतचंही माप टिपा. दुसरं, जांघेपासून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत. हे कुठल्याच साइज चार्टमध्ये पाहिलं नाही, पण मला सगळ्यात उपयोगी पडलं ते हेच. तिसरं, पुढच्या कमरेपासून दोन पायांमधून मागच्या कमरेपर्यंत टेप नेऊन येणारं आसनाचं पूर्ण माप.

ऑनलाइन घेताना चार्टमधली लांबी अंगाची आहे की कपड्याची, हे वाचून घ्या. कपड्याची असेल तर ती न ताणता, सपाट पसरून घेतलेली असते. मॉडेलची उंची दिली असेल तर तीही पाहा: १७५ सेंटिमीटरच्या बाईच्या घोट्याच्या जरा वर संपणाऱ्या टाइट्स तुम्हाला बेताच्या बसण्याची शक्यता बरीच आहे.

आरशासमोर ताठ उभं राहून ट्रायल घेणं

सायकलवर आपण कमरेत वाकलेल्या असतो, मग ट्रायल ताठ उभ्याने कशासाठी? टेबलाच्या कडेवर हात टेकून हँडल धरल्यासारख्या वाका, एक पाय स्टुलावर ठेवा आणि गुडघा छातीकडे आणा. पाठीचा खालचा भाग उघडा पडतो का, पोटाशी इलॅस्टिक रुततं का, लवणीत किती चुण्या जमतात, ते तेव्हा कळतं. लवणीत एखादी बारीक सुरकुती येणारच. ती चिमटीत सहज धरता येत असेल तर मात्र ती घासणार.

याच अवस्थेत पॅड, म्हणजे टाइट्सच्या आत बसण्याच्या जागी शिवलेली गादी, तपासा. पॅड बसण्याच्या दोन हाडांखाली यायला हवा आणि अंगाला चिकटून हवा. आसन लांब असेल तर पॅड एक-दोन बोटं खाली लोंबतो. मग सीटवर बसताना तो दुमडतो, मागे-पुढे सरकतो आणि राइडच्या शेवटी जांघ सोलवटते. ‘थोडं ढिलं आहे, चालेल’ हे पॅडच्या बाबतीत कधीच म्हणू नका. पॅड असलेल्या टाइट्सखाली अंतर्वस्त्र घालायचं नसतं. घातलं तर त्याच्या शिवणी नेमक्या दाबाच्या जागी येतात.

पाय आखूड म्हणून मुलांच्या किंवा पुरुषांच्या लहान साइजकडे वळण्याचा मोहही इथेच महागात पडतो. मुलांच्या टाइट्समध्ये नितंबांना जागा नसते, तर पुरुषांच्या पॅडचा आकार वेगळ्या शरीरासाठी बेतलेला असतो. बिनपॅडच्या पुरुषी टाइट्स, आतून स्वतःची पॅडवाली शॉर्ट्स घालून, एखादीला बसतीलही.

खांद्यावर पट्टे असलेल्या बिब टाइट्समध्ये लांबीचा हिशेब धडाकडेही जातो. आखूड धडाला पट्टे ढिले पडून खांद्यावरून घसरतात आणि पॅड खाली उतरतो. लांब धडाला तेच पट्टे खांद्यात रुततात आणि पॅड वर खेचला जातो. उभं राहिल्यावर पट्टे जरा ओढल्यासारखे वाटणं ठीक आहे. वाकल्यावर ओढ जायला हवी.

धुतल्यावर आटतील या भरवशावर राहणं

सुती कपडा आटतो, नायलॉन-पॉलिएस्टरचं विणकाम तसं आटत नाही. कडक गरम पाणी आणि ड्रायर वापरला तर त्यातला इलास्टेन हा ताणणारा धागा मरतो आणि टाइट्स गुडघ्याला पिशवीसारख्या लोंबू लागतात. फॅब्रिक सॉफ्टनरही नको, त्याने घाम शोषून बाहेर टाकण्याचा गुण जातो.

घेऊन झाल्यात आणि लांब आहेत, तर

गुडघा जागेवर असेल आणि फक्त घोट्याशी कापड उरत असेल तर ते तसंच गोळा करून ठेवू नका. उजव्या पायाचं सैल कापड सायकलच्या चेनच्या चकतीला लागतं, काळं होतं, दात्यात अडकू शकतं. शिवाय घोट्यावरची चमकती पट्टी चुण्यांमध्ये लपते. पॅडलबरोबर वर-खाली होणारी ती पट्टी अंधारात मागून येणाऱ्याला सायकलस्वार ओळखू देते, ती दिसलीच पाहिजे.

घोट्याला चेन (झिप) नसलेल्या साध्या टाइट्स कुठल्याही चांगल्या शिंप्याकडून आखूड करून घेता येतात. फक्त टीप ताणली जाणारी हवी: ओव्हरलॉक किंवा बारीक नागमोडी, आणि सुई स्ट्रेच कापडाची. सरळ टिपेचा दोरा पाय आत घालतानाच तटकन तुटतो. घोट्याला चेन असेल तर कापण्याआधी तिचा सरकता भाग अगदी वर नेऊन ठेवा. तो खाली राहिला तर कापलेल्या तुकड्याबरोबर निघून जाईल. कापल्यावर दोन्ही कडांना दाते झाकतील असे चार-पाच घट्ट टाके घाला, नाहीतर पहिल्याच वेळी चेन लावताना सरकता भाग खालून निसटेल.

गुडघाच जागेवर येत नसेल तर शिवणकामात पैसे घालू नका. अशा पायांसाठी पायभर टाइट्सपेक्षा नीट बसणारी पॅडवाली शॉर्ट्स आणि त्याखाली वेगळे लेग वॉर्मर (मांडीपासून घोट्यापर्यंतचे सुटे, नळीसारखे पायघोळ) हा उपाय मला जास्त आवडतो. लेग वॉर्मर गुडघ्यावर हवे तसे बसवायचे आणि जास्तीची लांबी वर मांडीवर, शॉर्ट्सच्या आत सारायची. तिथे कापड वाकत नाही, घासत नाही. दुसरा पर्याय पाऊण लांबीच्या टाइट्सचा. उंच बाईच्या पोटरीच्या मध्यावर संपणाऱ्या टाइट्स आपल्याला घोट्याच्या जवळपास येतात. गुडघ्याचा तुकडा मात्र इथेही तपासायचाच. घोट्याशी उरलेली फट लोकरी लांब पायमोजे झाकतात. गेले तीन हिवाळे मी अशाच चालवते आहे आणि लवणीतला तो वळ पुन्हा उठलेला नाही.