प्लेटो वाचायचाय? आधी वही-पट्टी काढा

तत्त्वज्ञानाचा पेपर जवळ आला की बडोद्याच्या युनिव्हर्सिटीतली पोरं दांडिया बाजारात माझ्याकडे येतात. मी भूमितीचा मास्तर, तरी येतात. आल्या आल्या प्लेटोचा गुहेचा दृष्टान्त उघडतात, गुहेत बांधलेली माणसं भिंतीवरच्या सावल्यांनाच खरं मानतात तो. मी सांगतो, गुहा नंतर. सावल्या, साखळदंड, सूर्य हे वाचायला झकास, पण त्यातून मुलं ‘जग माया आहे’ एवढंच घेऊन जातात. प्लेटो काही तसं म्हणत नाही. त्याचा मुद्दा ‘रूपां’चा आहे, म्हणजे दिसणाऱ्या वस्तूंपलीकडच्या, कधी न बदलणाऱ्या, बुद्धीलाच कळणाऱ्या नमुन्यांचा.

सुरुवात ‘मीनो’ या संवादापासून करा. त्यात सॉक्रेटिस भूमितीचा गंधही नसलेल्या एका गुलाम पोराला चौरस काढून दाखवतो. बाजू 2 फूट, क्षेत्रफळ 4. आता 8 चा चौरस कसा काढशील? इथे पुस्तक पालथं घाला आणि तुम्हीच काढा. फुटाऐवजी सेंटिमीटर घ्या. बाजू दुप्पट केली तर 16 होतात. त्या पोराचंही पहिलं उत्तर हेच. मग तो 3 म्हणतो, तर 9 होतात. घाई नको, दोन्ही वेळा फसून बघा. उत्तर कर्णावर आहे. तसेच चार चौरस जोडून मांडा, प्रत्येकाचा एकेक कर्ण असा काढा की मधोमध तिरका चौरस तयार होईल. चार अर्धे मिळून 8.

आता पट्टीनं तो कर्ण मोजा. 2.8 येईल. नेमकी लांबी कुठल्याच पट्टीवर सापडणार नाही, ती अपूर्णांकात मांडताच येत नाही. शिवाय तुमची रेघ पेन्सिलीच्या टोकाएवढी जाड, कोपरा नव्वदला जरा कमी. तरी सिद्धता चुकली का? नाही. मग ती कशाबद्दल होती? वहीतल्या चौरसाबद्दल नक्कीच नव्हती. हा प्रश्न टोचायला लागल्याशिवाय पान उलटू नका.

प्लेटोचं उत्तर: चौरसाच्या रूपाबद्दल. पण ‘मीनो’त हा रूपांचा सिद्धान्त अजून पुरता मांडलेला नाही. तो ‘फीडो’ या संवादात येतो. तिथला समान काठ्यांचा उतारा छोटा आहे, दोनदा वाचा. त्याच दोन काठ्या एकाला सारख्या वाटतात, दुसऱ्याला नाही. समानता मात्र कधीच असमान वाटत नाही. न्याय, सौंदर्य यांनाही प्लेटो हेच लावतो. मग ‘रिपब्लिक’च्या सहाव्या भागाच्या शेवटची विभागलेली रेषा (डोळ्यांना दिसणारं आणि बुद्धीला कळणारं यांची वाटणी), आणि सातव्यात तुमची ती गुहा.

बहुतेक जण इथेच थांबतात. तुम्ही ‘पार्मेनिडीज’ या संवादाचा पहिला भाग वाचाच. म्हातारा तत्त्वज्ञ पार्मेनिडीज तरुण सॉक्रेटिसला विचारतो, न्यायाचं रूप आहे, ठीक. केसाचं आहे का? चिखलाचं? सॉक्रेटिस बिचकतो. (विश्वामित्रीचा पूर ओसरल्यावर जो गाळ मागे राहतो, त्याचं शाश्वत रूप मानायला मीही तयार नाही.) पुढचा घाव याहून खोल. सगळ्या मोठ्या वस्तू ‘मोठेपणा’मुळे मोठ्या. मग त्या वस्तू आणि तो मोठेपणा, सगळेच मोठे, ते कशामुळे? आणखी एक मोठेपणा आणा. मग त्याच्यासाठी आणखी एक. स्वतःच्याच सिद्धान्तावर असा हल्ला प्लेटोनं स्वतःच्या हातानं लिहिला, म्हणून मला हा माणूस आवडतो.

प्लेटोच्या प्रभावावर प्रश्न आला तर नावांची जंत्री देऊ नका. एकच धागा धरा: रूपं राहतात कुठे? इ.स.पू. 367 च्या सुमारास प्लेटोच्या शाळेत, अकादमीत, आलेला आणि तिथे वीस वर्षं काढलेला अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो, वस्तूंतच. ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टिन ती ईश्वराच्या बुद्धीत नेतो. विसाव्या शतकात तर्कशास्त्रज्ञ गोडेल म्हणतो, गणितातल्या वस्तू आपण घडवत नाही, त्या असतातच. आपल्याकडची न्याय-वैशेषिक ही दर्शनंही सोबत वाचा. त्यांचं नित्य ‘गोत्व’ (गाईपण) प्रत्येक गाईत असतं, म्हणजे ते अ‍ॅरिस्टॉटलच्या बाजूला झुकतात; आणि बौद्धांनी तर गोत्वच नाकारलं, गाय म्हणजे गाय नसलेल्यांहून वेगळी, एवढंच. इथे पुरवणी मागायला लाजू नका.