झेलंडमधे बसने जाऊन करायचे सोपे ट्रेक, म्हणजे सपाट जमिनीवरची मस्त भटकंती

नेदरलँड्समधे राहायला आल्यावर आपल्या सह्याद्रीवाल्या लोकांचं पहिलं रडगाणं एकच, इथे डोंगर नाहीत म्हणून ट्रेक नाहीत. मीपण दोन वर्षं तेच म्हणत घरी बसलो होतो. मग आई-बाबा आले, आईचे गुडघे दुखणारे, गाडी आपल्याकडे नाही, आणि रोज रोज अ‍ॅमस्टरडॅमचे कालवे दाखवून तरी किती दाखवणार, म्हणून खाली डेल्टाकडे, म्हणजे झेलंड प्रांतात निघालो. ऱ्हाइन, मास आणि स्खेल्ड या तीन नद्या जिथे समुद्राला मिळतात तो हा सगळा भाग. बेटं, बांध, खाऱ्या पाण्याचे फाटे. अलिबागकडचा खारेपाट किंवा गोव्यातली खाजणं बघितली असतील तर चटकन लक्षात येईल, समुद्र बांधाने अडवायचा आणि आत शेती करायची, फक्त इथे बांध दोन मजली घराएवढा आणि वर चालायला पक्का रस्ता.

आता मुद्द्याची गोष्ट. इथे चढ नाही हे खरं, पण वारा आहे, आणि चढाची सगळी कसर तो भरून काढतो. बांधावर आडोसा म्हणून काही नसतं, एक झाड नाही, एक टपरी नाही. समोरून वारा असेल तर ७ किमीला राजगड चढल्यासारखा दम लागतो, मागून असेल तर तेच ७ किमी गप्पा मारत संपतात. आम्ही पहिल्यांदा हे उलटं केलं, वारा तोंडावर घेऊन निघालो, बाबा अर्ध्या वाटेत म्हणाले अरे हे लोक इथे राहतात कसे, आणि आई तर बोलेचना. त्यामुळे आता मी रूट ठरवायच्या आधी वारा बघतो. बाउएनराडार अ‍ॅपवर पावसाबरोबर वाऱ्याची दिशा पण येते, तिथे ZW, म्हणजे झाउद-वेस्ट, दिसलं तर वारा नैऋत्येकडून येतोय, तिकडे जात नाहीये, यात भले भले गंडतात. बहुतेक दिवस वारा तिकडूनच असतो. म्हणून साधा नियम, बसने नैऋत्येच्या टोकाला जायचं आणि चालत ईशान्येकडे यायचं. बोफोर्ट (वाऱ्याच्या जोराचं माप) ४ पर्यंत मजा, ५ ला माकडटोपी (हसू नका, बाबांची होती म्हणून माझे कान वाचले), ६ असेल तर घरी भजी करा.

पहिल्यांदा जाताय तर मिडलबर्ख ते फेरे करा. मिडलबर्खला रॉटरडॅमहून इंटरसिटी आहे, दीडेक तास लागतो. स्टेशनच्या बाहेर पडलं की समोरच कालवा, त्याच्या काठाकाठाने उत्तरेकडे चालत राहायचं, ७-८ किमी, रस्ता चुकायची सोयच नाही. फेरे ईशान्येला असल्यामुळे वारा पाठीवर येतो आणि परत येताना बस. कालवा १८७३ सालचा. फेरे हे एकेकाळी स्कॉटलंडच्या लोकरीच्या व्यापाराचं मोठं बंदर होतं, गाव चिमुकलं पण चर्च एवढं अवाढव्य की लांबूनच दिसायला लागतं आणि मग तासभर दिसतच राहतं, जवळ काही येत नाही. सपाट जमिनीचा हा एक त्रास आहे, मुलांना "ते बघ आलंच" असं चुकूनसुद्धा सांगू नका. १९६१ मधे पुढे धरण बांधून समुद्राचं तोंड बंद केलं, त्यामुळे आता गावासमोर तळं आहे, लाटा नाहीत.

माझा सगळ्यात आवडता मात्र वेस्टकापले ते डोमबर्ख. मिडलबर्खहून बसने वेस्टकापलेला उतरायचं आणि सरळ समुद्राच्या बांधावर चढायचं, चढायचं म्हणजे पायऱ्याच आहेत. वर एक लाल-पांढरं लोखंडी लाइटहाउस आहे, अगदी खेळण्यातलं वाटतं, आणि एक शेरमन रणगाडा ठेवलाय. रणगाडा का, तर ऑक्टोबर १९४४ मधे ब्रिटिश विमानांनी हाच बांध बॉम्ब टाकून फोडला, जर्मनांच्या ताब्यातलं अख्खं वाल्खरेन बेट बुडवून अँटवर्प बंदराचा रस्ता मोकळा करायला. आपल्याच बाजूच्या बॉम्बने गावातली दीडशेच्या वर माणसं गेली. तिथे उभं राहून एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाली कौलं बघितली की हा बांध म्हणजे काय चीज आहे ते कळतं. तिथून डोमबर्ख ६-७ किमी, आधी बांध, मग वाळूच्या टेकड्या. ओहोटी असेल तर खाली किनाऱ्यावरून चाला, ओली वाळू टणक असते. भरतीला कोरड्या वाळूत पाय रुततात आणि अंतर दुप्पट वाटतं, भरतीचं टाइमटेबल आधी बघून ठेवा.

थोडं जड काही हवं असेल तर झीरिकझे ते आउवरकर्क. खूस गावाहून झीरिकझेची बस झेलंड ब्रिजवरून जाते, ५ किमीचा पूल, खाली नुसतं पाणी, त्या तिकिटातच अर्धे पैसे वसूल. पुढे बांधाच्या बाजूने ७-८ किमी चालत आउवरकर्कला पुराचं म्युझियम आहे, १९५३ च्या ३१ जानेवारी-१ फेब्रुवारीच्या रात्री बांध फुटून नेदरलँड्समधे १,८३६ माणसं गेली त्या पुराचं. शेवटचं मोठं भगदाड बुजवायला जी काँक्रीटची चार प्रचंड खोकी आणून बसवली त्यांच्याच आत हे म्युझियम आहे. पण परतीची बस आधी बघून ठेवा, झीरिकझेसारखी सारखी-सारखी इथे मिळत नाही.

किंडरडाइक सगळ्यांना माहितीये म्हणून जास्त लिहीत नाही, १९ पवनचक्क्या, रॉटरडॅमहून वॉटरबसने जा आणि बसने परत या. चक्क्यांमधला रस्ता सगळ्यांना फुकट आहे, तिकीट फक्त आत जायचं. आणि साफ्टिंगेचं, म्हणजे भरतीच्या पाण्याच्या त्या मोठ्या दलदलीचं, नाव ऐकलं असेल तर तिथे गाइडशिवाय आत शिरायचं नाही, चिखल आणि भरती दोन्ही पटकन येतात.

बसचं सांगतो. ९२९२ या बस-ट्रेनच्या वेळा दाखवणाऱ्या अ‍ॅपवर शनिवार-रविवारचं वेगळं बघा, रविवारी सकाळी खेड्यातली बस एकतर उशिरा सुरू होते नाहीतर नसतेच. स्टॉपवर उभं राहून हात दाखवायचा, नुसतं मोबाइलमधे बघत बसलात तर ड्रायव्हर निघून जातो, त्याची काही चूक नाही. चढताना बँकेचं कार्ड टॅप, उतरताना तेच कार्ड टॅप, चढताना फोन आणि उतरताना कार्ड असं केलं तर मशीनला ते दोन वेगळे लोक वाटतात आणि दोन्हीकडून पैसे कापले जातात. आई-बाबांना प्रत्येकाला वेगळं कार्ड लागतं, हे मला बसमधे चढल्यावर कळलं, मागे रांग उभी. आणि शेवटच्या बसच्या आधीची बस पकडायचा प्लॅन करा, शेवटची नाही.

रस्त्याला खांबांवर नंबर असतात, क्नोपपुंट म्हणतात, घरून निघताना नंबरांची यादी लिहून घ्या, २३ मग ४१ मग १७ असं, की मॅपची गरज नाही. सायकलच्या लाल ट्रॅकवर तिघं-चौघं आडवे चालू नका, घंटी वाजली की एका बाजूला व्हा. बांधावर मेंढ्या असतात, फाटक उघडलं की परत लावायचं. खालच्या चरांवर हिरवं शेवाळ इतकं दाट असतं की लॉनच वाटतं, लहान मुलाचा हात सोडू नका.

बूट साधे स्पोर्ट्स शूज चालतात, पाऊस पडून गेला असेल तर मातीच्या वाटा सोडून डांबरावर राहा, इथली चिकणमाती बुटाला किलोकिलोने चिकटते. डबा घेऊनच निघा, मधे काही मिळत नाही, आम्ही दशम्या आणि लसणाची चटणी नेतो, वाऱ्यात उडत नाहीत हा मोठा फायदा, चिवडा नेला होता तो अर्धा मेंढ्यांना गेला. टॉयलेट निघायच्या गावातच उरकून घ्या, बांधावर आडोसा नाही हे वर सांगितलंच. आणि वाळूच्या टेकड्यांत गवतातून गेलात तर घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कमरेला गोचीड बघा, चिमट्याने त्वचेला लागून धरून सरळ ओढायची, तेल-बिल लावत बसायचं नाही, तारीख लिहून ठेवायची, आणि नंतर तिथे लाल गोल पसरायला लागला तर डॉक्टरकडे जायचं.