मॉर्फवाला लेपर्ड गेको आणताय? आधी एवढं बघून घ्या

इकडे इंग्लंडमध्ये आल्यावर मांजर पाळायचं म्हटलं तर घरमालक नाही म्हणाला, मग मुलीच्या हट्टापायी लेपर्ड गेको आणला, त्याला आता सहा वर्षं झाली. नारिंगी रंगाची मादी, नाव जिलेबी. आई व्हिडिओ कॉलवर अजूनही विचारते, "अगं, पैसे देऊन पाल आणलीस?" तर हो, पालच आहे, पण हिला पापण्या आहेत, डोळे मिटून झोपते, आणि पायाला चिकटपणा नाही त्यामुळे भिंतीवर चढत नाही.

मूळचा हा प्राणी अफगाणिस्तान, पाकिस्तान, वायव्य भारत या खडकाळ कोरड्या भागातला, पिवळा आणि काळे ठिपके. दुकानात मात्र पांढरे, नारिंगी, लाल डोळ्यांचे, बिनठिपक्यांचे असे शंभर प्रकार दिसतील, त्यांना मॉर्फ म्हणतात, पिढ्यानपिढ्या निवडून जोड्या लावून केलेले. आणि इथेच लोक फसतात, कारण रंग बघून जीव जडतो आणि रंगाबरोबर काय आलंय ते कोणी विचारत नाही.

एनिग्मा नावाचा मॉर्फ दिसायला भारी, पण त्यातल्या बऱ्याच जणांना मेंदूचा त्रास असतो, मान वाकडी, गोल गोल फिरणं, समोरचा किडा पकडताना नेम चुकणं. लेमन फ्रॉस्टचं तर त्याहून वाईट, 2021 च्या एका अभ्यासात 80 टक्क्यांहून जास्त लेमन फ्रॉस्टना त्वचेत गाठी निघाल्या, म्हणजे ज्या पेशींमुळे तो रंग उजळतो त्याच पेशी बेसुमार वाढतात. हे दोन फुकट दिले तरी मी घेणार नाही. टँजरीन, मॅक स्नो, हायपो हे मॉर्फ सुरुवातीला चांगले. अल्बिनो, म्हणजे अंगात काळा रंग नसलेला, तोही चालेल, पण त्याला उजेड सहन होत नाही, डोळे बारीक करून कोपऱ्यात बसतो, त्यामुळे दिवा मंद आणि सावली भरपूर ठेवायची. अल्बिनोच्या तीन वेगवेगळ्या लाईन, म्हणजे वंश, आहेत, ट्रेम्पर, बेल आणि रेनवॉटर, आणि ट्रेम्परची जोडी बेलशी लावली तर पिल्लं साधी दिसणारी निघतात पण पोटात दोन्ही जीन्स घेऊन फिरतात, म्हणून विकणाऱ्याला "कुठला अल्बिनो?" विचारा, उत्तर देता आलं नाही तर पुढचं दुकान बघा.

घर म्हणजे साधारण 90 सेंटीमीटर लांबीचा व्हिव्हेरियम, म्हणजे प्राणी ठेवायची काचेची पेटी. एक बाजू गरम, दुसरी गार. गरम बाजूची फरशी 32 ते 34 अंश, गार बाजू 24-25, आणि रात्री 18 च्या खाली जाऊ द्यायचं नाही. हीटरला थर्मोस्टॅट, म्हणजे ठरवलेल्या तापमानाला हीटर आपोआप बंद करणारं यंत्र, लावाच लावा, हे ऑप्शनल नाही, भाजलेलं पोट मी बघितलंय. लपायला तीन जागा, एक गरम, एक गार, आणि एक ओलसर, त्यासाठी आईस्क्रीमच्या डब्याला भोक पाडून आत ओलं मॉस (शेवाळ) घाला, झालं.

आम्हाला दुकानात सुटी वाळू दिली होती, "वाळवंटी प्राणी आहे ना" म्हणून. पिल्लू किड्याबरोबर वाळू गिळतं, पोट तुंबतं, व्हेटचं बिल येतं. नवीन प्राण्याला पहिले दोन-तीन महिने सरळ किचन रोल, शी पण नीट दिसते.

खाणं फक्त जिवंत किडे, भाजी फळं नाही. क्रिकेट म्हणजे रातकिडे, डुबिया जातीची झुरळं, मीलवर्म नावाच्या अळ्या. किडा गेकोच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. पिल्लाला रोज, मोठ्याला दोन-तीन दिवसांनी. किड्यांना आदल्या दिवशी गाजर वगैरे खायला घाला आणि देताना कॅल्शियम पावडरमध्ये घोळवा, आपण मासे रव्यात घोळवतो तसे, नाहीतर हाडं वाकतात. झडप घालायच्या आधी जिलेबीच्या शेपटीचं टोक मांजरासारखं थरथरतं, ते बघायला आख्खं घर जमतं.

कात टाकायच्या आधी ती पावडर फासल्यासारखी पांढरट होते, मग ओलसर डब्यात शिरते आणि कात ओढून चक्क खाऊन टाकते. तेव्हा बोटं तपासायची. बोटावर कात अडकली की रक्तपुरवठा तुटतो आणि बोट गळतं, तसं दिसलं तर कोमट पाण्यात पाय भिजवून ओल्या कापसाच्या काडीने हळू सोडवा, ओढू नका.

दोन नर एकत्र ठेवले तर मारामारी, नर-मादी ठेवली तर अंडी, दोन माद्या ठेवल्या तरी एक दुसरीचं खाणं पळवते. एकटाच ठेवा, त्याला एकटेपणा वाटत नाही, आपल्याला वाटतो. शेपूट धरून उचलू नका, तुटते, नवीन येते पण गाजरासारखी बोजड.

आणि गावी गेल्यावर जंगलातून पकडून आणायचा विचारही नको. सातपुड्यात याचा भाऊबंद राहतो, 2014 मध्ये त्याला वेगळी प्रजाती म्हणून नाव मिळालं, पण तो वन्यजीव आहे, त्याला तिथेच राहू द्या.

हा प्राणी 15-20 वर्षं जगतो, त्यामुळे सुट्टीत बघायला माणूस लागतो. आम्ही तीन आठवडे पुण्याला गेलो तेव्हा शेजारच्या आजींना चावी दिली होती, आणि वॅक्सवर्मचा डबा पण. वॅक्सवर्म ही चरबीदार अळी, म्हणजे गेकोचा पेढा, आठवड्याला एखादा. आजींनी रोज तीन दिले. परत आलो तर किचनच्या काट्यावर जिलेबी 58 ची 67 ग्रॅम, आणि त्यानंतर नऊ दिवस मीलवर्मकडे ढुंकूनही बघितलं नाही तिने. आता जाताना पेढ्यांचा डबा मी लपवून ठेवते.