कॅनव्हातील व्हिडिओ पाठवताना: फाइल द्यावी की लिंक?

उन्हाळ्यात यावल-रावेरकडच्या गच्च्यांवर ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापडासारखे वाळवण, वाळू लागले, की बचत गटांच्या भगिनी कॅनव्हा या डिझाइन करण्याच्या अॅपवर जाहिरातीचा छोटा व्हिडिओ तयार करतात. व्हिडिओ चांगला होतो, परंतु तो पाठवताना झालेल्या चुकीमुळे गिऱ्हाईक हातचे जाते, म्हणून या शेवटच्या टप्प्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

डिझाइन उघडल्यावर वरच्या उजव्या कोपऱ्यात ‘शेअर’ हे बटण असते. त्यात ‘डाउनलोड’ निवडून फाइलचा प्रकार ‘एमपी४ व्हिडिओ’ असा ठेवावा. पीएनजी किंवा जेपीजी निवडल्यास हलते चित्र न मिळता नुसते स्थिर चित्र हाती येते. मोफत खाते असेल, तर मुकुटाची खूण असलेली, म्हणजे पैसे भरून मिळणारी, चित्रे व संगीत आधीच बदलून घ्यावे. व्हॉट्सअॅप स्टेटससाठी उभे, म्हणजे १०८० बाय १९२० पिक्सेलचे माप योग्य असते. भाव आणि फोन नंबर अगदी तळाशी लिहू नयेत, कारण तेथे उत्तर देण्याची पट्टी येते आणि नेमका नंबरच झाकला जातो.

व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या पद्धतीने व्हिडिओ पाठवला, तर तो दाबून लहान केला जातो आणि बारीक देवनागरी अक्षरे, विशेषतः जोडाक्षरे, पुसट होतात. त्यामुळे जोडणीच्या खुणेवरून ‘डॉक्युमेंट’ निवडून तीच फाइल पाठवावी. २ जीबीपर्यंतची फाइल अशी जाते आणि तिचा दर्जा कायम राहतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या ज्या गावांत नेटवर्क येते-जाते, तेथे फाइलच द्यावी असे माझे स्पष्ट मत आहे, कारण ती एकदा उतरवून घेतली की पुन्हा पुन्हा पाहता येते.

लिंकचा उपयोग निराळा आहे. सुरत किंवा पुण्यातील व्यापाऱ्याला पाठवलेली फाइल पुढे दहा जणांकडे गेली, की जुना भाव परत घेता येत नाही; लिंक दिली असेल, तर कॅनव्हामध्ये भाव बदलताच त्याच लिंकवर नवा भाव दिसतो. मात्र लिंक देण्यापूर्वी परवानगी तपासणे अत्यंत आवश्यक आहे. लिंक ज्याच्याकडे आहे त्या प्रत्येकाला ‘कॅन एडिट’, म्हणजे बदलाची परवानगी, मिळाली असेल, तर तो आपले मूळ डिझाइनच बदलू शकतो. आमच्या गटाने एकदा अशी लिंक दीडशे जणांच्या ग्रुपवर टाकली. कोणाचा तरी हात लागून फोन नंबरातील एक आकडा पुसला गेला, आणि ऐन हंगामातले दोन दिवस एकही मागणी आमच्यापर्यंत पोहोचली नाही. त्यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. ज्यांना फक्त पाहायचे होते त्यांच्या हाती आम्हीच खोडरबर दिले होते. तेव्हापासून ग्राहकांना ‘पब्लिक व्ह्यू लिंक’, म्हणजे फक्त पाहता येणारी लिंक, द्यायची आणि बदलाची परवानगी गटातील दोघींच्याच ईमेलवर ठेवायची, हा आमचा नियम आहे. व्हिडिओ अजून कच्चा असेल आणि अहिराणी निवेदन बरोबर झाले आहे का हे एखाद्या जाणत्या आजीला विचारायचे असेल, तर ‘कॅन कमेंट’, म्हणजे फक्त अभिप्राय लिहिण्याची परवानगी, पुरते. परंतु त्यासाठी कॅनव्हावर खाते लागते, म्हणून आजीच्या नातवाला सोबत बसवावे.

लिंक तयार झाल्यावर ती ज्या फोनवर आपले खाते उघडलेले नाही, अशा दुसऱ्या फोनवर उघडून पाहावी. आपल्या फोनवर सारे काही उघडते, कारण आपण मालक असतो. ग्राहकाला मात्र परवानगी मागणारा संदेश दिसू शकतो, आणि बिबड्यांसाठी परवानगी मागत कोणी थांबत नाही. त्याच फोनवर आवाज पूर्ण ऐकावा, आणि शेवटी पडद्यावरील नंबर एक-एक आकडा वाचून प्रत्यक्ष लावून पाहावा.