आयटीआयचा फॉर्म भरण्याआधी पोराला घेऊन हिंडा

फॉर्म नंतर भरता येईल, आधी पोराचे डोळे तपासून घ्या. चष्म्याचा नंबर तर बघाच, पण रंग नीट ओळखता येतात का तेही तपासायला सांगा. ठिपक्यांच्या चित्रातले आकडे वाचायचे असतात, पाच मिनिटांचं काम. रंगांधळेपण असेल तर इलेक्ट्रिशियनला वायरींचे रंग रोज छळतील, आणि रेल्वेत असिस्टंट लोको पायलट (इंजिन चालवणाऱ्याचा मदतनीस) व्हायचं मनात असेल तर गाडी मेडिकललाच अडेल. हे दोन वर्षं घालवल्यावर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं. उंचावर भीती वाटते का तेही विचारून घ्या. खांबावर किंवा सोलरच्या छपरावर चढायचं म्हटलं की ज्याचे पाय लटपटतात, त्यानं खाली लेथ मशीनपाशी (धातू फिरवून कापायचं यंत्र) उभं राहावं. त्यात कमीपणा काही नाही.

मग हिंडणं. सोलापुरात राहून पोराने कारखाना आतून पाहिलेला नसतो, हे फार घरांत दिसतं. ओळखीतून एखाद्या मालकाला विचारा; शिकायचंय म्हटल्यावर तासभर उभं राहायला सहसा कोणी नाही म्हणत नाही. जायचं ते मे महिन्यात, भर दुपारी. पत्र्याच्या शेडमध्ये, मशीनच्या आवाजात पोरगं कसं टिकतं ते तेव्हाच कळतं. सकाळी आठला सगळंच छान वाटतं.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल-चादरीचे माग चालतात तिथे गेलात तर विणकराइतकंच जॉबरकडे, म्हणजे माग दुरुस्त ठेवणाऱ्या कारागिराकडे, लक्ष द्यायला सांगा. माग बंद पडला की हाक त्यालाच जाते. कुठे ताण बिघडलाय, कुठला पार्ट झिजलाय, हे तो आवाजावरून ओळखतो. ही विद्या कुठल्या सर्टिफिकेटवर लिहिलेली नसते, वडीलधाऱ्या जॉबरच्या हाताखालीच मिळते. जुन्या शटलच्या मागांच्या जागी रेपियर (बिनशटलचे माग) आणि इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड (नक्षी विणणारी यंत्रणा) आले की नुसता पाना चालवून भागत नाही, सेन्सर आणि पॅनेलही कळावं लागतं. म्हणून माझं मत असं की इलेक्ट्रिशियनचा ट्रेड (आयटीआयचा अभ्यासक्रम) करून वर्षभर जॉबरकी शिकलेला मुलगा या शहरात रिकामा बसणार नाही. शहराच्या पूर्व भागात शिकायचं तर थोडी तेलुगू कानावर पडू द्या, अर्धी शिकवणी त्याच भाषेत होते. युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यांतही हेच. शिवणारे हात सगळे मोजतात, ओव्हरलॉक आणि काज-बटणाची मशीन दुरुस्त करणारा मेकॅनिक कोणी मोजत नाही. मुलगी असेल तर हे काम तिला जरूर दाखवा.

चिंचोळी एमआयडीसीत मशीन शॉप बघा. जिल्ह्यातल्या साखर कारखान्यात ओळख असेल तर गळीत हंगाम संपल्यावर जा, तेव्हा मिल उघडून ओव्हरहॉलिंग चालतं आणि फिटर-वेल्डरचं खरं काम दिसतं. नोकरी हंगामी की कायम, हे मात्र तिथेच विचारून घ्या. फताटेवाडीजवळच्या एनटीपीसीचं १३२० मेगावॉटचं केंद्र लोकांच्या तोंडी फार असतं, पण तिथलं देखभालीचं पुष्कळ काम ठेकेदारामार्फत होतं हे माहीत असू द्या.

आता ट्रेड. इलेक्ट्रिशियन, फिटर (यंत्राचे भाग जुळवणारा), टर्नर (लेथवर काम करणारा), मशिनिस्ट (इतर मशीनवर धातू कापणारा) दोन वर्षांचे. वेल्डर, प्लंबर एक वर्षाचे. दहावी नापास असला तरी काही ट्रेडना प्रवेश मिळतो. सगळी झुंबड इलेक्ट्रिशियनवर असते, त्यामुळे मशिनिस्ट किंवा एसी-रेफ्रिजरेशनचा विचार आवर्जून करा. फिटरला सुरुवातीचे महिने कानसच घासावी लागते. कंटाळून पोरं तिथेच सुटतात, ते आधीच सांगून ठेवा. विजापूर रोडच्या शासकीय आयटीआयत प्रॅक्टिकलच्या वेळी डोकावून या. खासगी संस्था बघत असाल तर संस्थेला मान्यता आहे एवढ्यावर थांबू नका, आपल्या ट्रेडला आणि तुकडीला मान्यता आहे का ते तपासा.

कागद जूनच्या आधी जमवा. दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, अधिवास, लागू असेल तर जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, पोराच्या नावाचं आधारला जोडलेलं बँक खातं. नाव सगळीकडे एकसारखं आहे ना, एवढं बोट ठेवून वाचा. निकालानंतर सेतूत रांग लागते. फॉर्ममध्ये विकल्प, म्हणजे संस्था आणि ट्रेडची पसंती, भरताना पहिल्या नंबरला तेच टाका जे खरंच हवंय. पहिला विकल्प मिळूनही प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या फेऱ्या हातच्या जातात.

अप्रेंटिसशिपचं, म्हणजे कारखान्यात काम करत शिकण्याचं, पहिल्या वर्षापासून डोक्यात ठेवा. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला आपल्या मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात, तेव्हा मोठ्या युनिटांची नावं लिहून ठेवा. मध्य रेल्वेच्या अप्रेंटिस भरतीत सोलापूरचाही गट असतो, कुर्डुवाडीची कार्यशाळा त्यातच येते. तिथे लेखी परीक्षा नसते. दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर यादी लागते. हातात कसब आहे म्हणून थिअरीत काठावर पास होणारा मुलगा इथे मागे पडतो. वर्कशॉप कॅल्क्युलेशन आणि ड्रॉइंग या विषयांची भीती उन्हाळ्यातच घालवा: टक्केवारी, दशांश, आणि व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) वाचणं.

पहिल्या दिवसासाठी मापाचे सेफ्टी शूज घ्या, एक नंबर मोठे नकोत. कपडे सुतीच हवेत, वेल्डिंगच्या ठिणगीने टेरिकॉट अंगाला चिकटतं. बाह्या घट्ट बसणाऱ्या असाव्यात. हातातलं कडं, अंगठी, गळ्यातली चेन घरीच काढून ठेवायला लावा. फिरत्या मशीनजवळ ते चालत नाही. आणि हत्यारांचा महागडा सेट दुकानदाराने गळ्यात मारला तरी घेऊ नका, काय लागतं ते सर सांगतील तेव्हा घ्या.