जेनोवाला जाताय? मग या चुका टाळा

इटलीची ट्रिप ठरवताना आपल्याकडे यादी साधारण ठरलेलीच असते, रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस, मिलान, आणि मग इन्स्टावर बघून चिंक्वे तेर्रे, म्हणजे समुद्रकाठची ती पाच गावं. मिलानहून चिंक्वे तेर्रेला जाताना मधे जेनोवा लागतं, खिडकीतून बंदराच्या क्रेन आणि कंटेनर दिसतात आणि लोक म्हणतात काहीतरी इंडस्ट्रियल दिसतंय, चला पुढे. मीही पहिल्यांदा तेच केलं, अर्धा दिवस दिला, मत्स्यालय बघितलं, पास्ता खाल्ला आणि निघालो. तीन वर्षांनी आईबाबांना घेऊन चार दिवस राहिलो तेव्हा कळलं की पहिल्या वेळी काहीच बघितलं नव्हतं. हे शहर अतिशय सुंदर आहे पण ते लगेच हाताला लागत नाही, त्यामुळे इथे होणाऱ्या चुकाही वेगळ्या आहेत. त्या सांगतो.

लाल नंबर आणि काळा नंबर

ही सगळ्यात आधी, कारण आमचा सगळ्यात जास्त वेळ यात गेला. जेनोवात एकाच रस्त्यावर घरांचे नंबर दोन असतात. राहत्या इमारतींच्या दाराला काळा नंबर, आणि दुकानं, खानावळी, तळमजल्यावरचे गाळे यांना लाल नंबर. दोन्ही मोजण्या वेगवेगळ्या चालतात, म्हणजे लाल २० आणि काळा २० शेजारी असतीलच असं अजिबात नाही, कधीकधी अख्ख्या गल्लीचं अंतर असतं. पत्त्यात नंबरानंतर छोटा आर असेल तर तो रोस्सो म्हणजे लाल. आम्ही अपार्टमेंट घेतलं होतं, रात्री साडेनऊला चार बॅगा घेऊन बरोबर नंबरासमोर उभे, आणि समोर चपलांचं बंद दुकान. बाबा म्हणाले पत्ता चुकीचा दिलाय, मालकाला फोन लागेना, शेवटी वरच्या खिडकीतून एक आजी हातवारे करून म्हणाल्या नेरो, नेरो, म्हणजे काळा बघा. आमचं दार तिथून चांगलं दोन मिनिटं पुढे निघालं. तेव्हा बुकिंग करताना मालकाला सरळ विचारा की नंबर लाल का काळा, आणि दाराचा फोटो मागवून ठेवा.

जुन्या शहरातल्या गल्ल्यांना तिथे कारुज्जी म्हणतात. युरोपातल्या सगळ्यात मोठ्या मध्ययुगीन वस्त्यांपैकी ही एक, आणि काही गल्ल्या इतक्या अरुंद की हात पसरले तर दोन्ही भिंती लागतात, वर सहा सात मजले, आकाशाची नुसती पट्टी दिसते. इथे फोनचं जीपीएस गडबडतं, निळा ठिपका शेजारच्या गल्लीत उड्या मारत राहतो. नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा पण त्याच्या भरवशावर राहू नका, एखादी मोठी खूण धरून चाला, सान लोरेंझो कॅथेड्रलचा काळापांढरा पट्ट्यांचा दर्शनी भाग किंवा उताराच्या दिशेला असलेलं बंदर. टॅक्सी आत येत नाही, कडेला सोडते, बाकी बॅग ओढत. म्हणून वयस्कर माणसं बरोबर असतील तर कारुज्जीच्या आत खोल घर घेऊ नका, कितीही स्वस्त मिळालं तरी. आणि रात्री उशिरा वीआ प्रेच्या बाजूच्या अगदी निर्जन गल्ल्यांतून शॉर्टकट मारू नका. दिवसा काही नाही, फक्त पाकीट पुढच्या खिशात.

नकाशात चढ दिसत नाही

जेनोवा डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत वसलंय आणि जागा संपली तसं वर वर चढत गेलंय. नकाशावर हॉटेल स्टेशनपासून चारशे मीटर दिसतं, प्रत्यक्षात ते चारशे मीटर म्हणजे सरळ पायऱ्या. बुक करण्याआधी स्ट्रीट व्ह्यू उघडून रस्ता बघाच. रस्त्याच्या नावात सालिता असेल तर तो चढ आहे हे नक्की समजा.

यावर शहराने स्वतःचा उपाय काढलाय आणि तो मला फार आवडतो, तिथे सार्वजनिक लिफ्ट आणि फ्युनिक्युलर, म्हणजे चढावर दोराने ओढल्या जाणाऱ्या गाड्या आहेत, बससारख्याच, रोज कामाला जाणारे लोक वापरतात. पियाझ्झा पोर्तेल्लोपासून एका लांब टाइल्सच्या बोगद्यातून आत गेलं की लिफ्ट येते, ती कास्तेल्लेत्तोच्या गच्चीवर सोडते. आईचे गुडघे दुखतात, ती तीन दिवसांत तिथे तीनदा गेली, कारण वर बाकं आहेत आणि समोर अख्खं शहर, करड्या पाटीच्या दगडाची छपरं, चर्चचे मनोरे, मागे बंदर आणि लांतेर्ना. लांतेर्ना म्हणजे तिथलं दीपगृह, आत्ताचा मनोरा १५४३ सालचा, उंची जवळजवळ ७७ मीटर, अजून चालू आहे. अजून वर जायचं तर लार्गो देल्ला झेक्काहून रिगीची फ्युनिक्युलर आहे. या लिफ्टच्या तिकिटाचे नियम मधेमधे बदलतात, तर जायच्या आधी एएमटी या शहर परिवहनच्या साइटवर एकदा नजर टाका.

नुसतं "पोर्टला न्या" असं सांगू नका

बंदर एकच असलं तरी जागा तीन आहेत आणि लोक इथे हमखास घोळ घालतात. पोर्तो आंतिको म्हणजे जुनं बंदर, जे १९९२ साली कोलंबसच्या प्रवासाला ५०० वर्षं झाली तेव्हाच्या एक्स्पोसाठी रेंझो पियानो या आर्किटेक्टने नव्याने घडवलं, तो स्वतः जेनोवाचाच. मत्स्यालय तिथेच आहे आणि उन्हाळ्यात कामोल्यी, पोर्तोफिनोकडे जाणाऱ्या छोट्या बोटी तिथूनच सुटतात. क्रूझची मोठी जहाजं पोंते देई मिल्लेला लागतात, प्रिंचिपे स्टेशनच्या समोर. सार्डिनिया, कोर्सिका, सिसिली या बेटांना जाणाऱ्या, मोटारीही नेणाऱ्या फेरी बोटी त्याहून पश्चिमेला वेगळ्या टर्मिनलवरून निघतात. तिकिटावर टर्मिनलचं नाव असतं, तेच टॅक्सीवाल्याला दाखवा.

आता व्हिसाचं, कारण यात चूक झाली तर पैसे आणि ट्रिप दोन्ही जातात. जेनोवाहून ट्युनिसला आणि मोरोक्कोत तँजियरला फेरी जाते. शेंगेन म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा, आणि सिंगल एंट्री म्हणजे आत एकदाच येता येतं. अशा व्हिसावर तिकडे गेलात तर तुम्ही शेंगेनच्या बाहेर पडलात, परत इटलीत येता येणार नाही, व्हिसात दिवस शिल्लक असले तरीही. काही क्रूझही मधे ट्युनिशियाला थांबतात, तेव्हा आधी मार्ग बघा आणि गरज असेल तर मल्टिपल एंट्री मागा. कोर्सिका फ्रान्समधे आहे पण शेंगेनमधेच, तिकडे काही अडचण नाही. दुसरी गोष्ट, बरेच जण फ्रान्समधलं नीस आणि जेनोवा एकत्र करतात, तर अर्ज ज्या देशात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे करायचा असतो. फ्रान्समधे पाच रात्री आणि इटलीत तीन, आणि अर्ज इटलीकडे, असं करू नका. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो, इन्शुरन्सचं कव्हर कमीत कमी ३०,००० युरोचं लागतं.

स्टेशनंही दोन मोठी आहेत, पियाझ्झा प्रिंचिपे आणि ब्रिन्योले. जुनं बंदर, क्रूझ, फेरी यासाठी प्रिंचिपे. नवं शहर, बोक्कादास्से ही समुद्रकाठची जुनी कोळीवस्ती, पूर्वेचा किनारा यासाठी ब्रिन्योले. प्रिंचिपेला काही प्लॅटफॉर्म जमिनीखाली आहेत, तिथे पोचायला वेळ लागतो, पाच मिनिटांचं कनेक्शन ठेवू नका. रीजनल ट्रेनचं कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी मशीनमधे स्टॅम्प करायचंच, नाहीतर खरं तिकीट हातात असूनही दंड. फोनवरच्या रीजनल तिकिटाला चेक-इन करावं लागतं. आणि शोपेरो हा शब्द लक्षात ठेवा, म्हणजे संप. तारीख आधी जाहीर होते, आणि कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ ठरावीक रीजनल गाड्या सोडतात, प्रवास त्यात बसवा.

सगळा दिवस मत्स्यालयाला देणं

मत्स्यालय छान आहे, लहान मुलं असतील तर नक्की जा, ऑनलाइन वेळेचा स्लॉट घ्या. पण एकच दिवस असेल तर तो तिथे घालवू नका. वीआ गारिबाल्दी या रस्त्यावर जा. सोळाव्या शतकात इथल्या सावकार घराण्यांनी ओळीने वाडे बांधले, आणि परदेशचे राजे, राजदूत आले की त्यांना उतरवायला या वाड्यांची सरकारी यादी असायची, तिला रोल्ली म्हणायचे, नाव यादीत असलं की पाहुणा ठेवून घ्यावाच लागायचा. यातले ४२ वाडे २००६ पासून जागतिक वारसा आहेत. पालाझ्झो रोस्सो, पालाझ्झो बियांको आणि दोरिया तुर्सी हे तीन म्युझियम एका तिकिटात होतात, तुर्सीमधे पागानिनी या प्रसिद्ध व्हायोलिनवादकाचं व्हायोलिन आहे, १७४३ सालचं, त्याला तो तोफ म्हणायचा. चूक काय होते, लोक सोमवारी जातात. सोमवारी तिथली बरीच म्युझियम बंद असतात, तो दिवस बोक्कादास्से किंवा नेर्वीच्या समुद्रकाठच्या फेरीसाठी ठेवा. आणि बरेचसे वाडे खाजगी आहेत, ते वर्षातून थोडेच दिवस, रोल्ली डेजला उघडतात, जमलं तर ट्रिप त्या वीकेंडला धरा.

अजून एक, बंदरासमोरचा रंगवलेल्या भिंतींचा पालाझ्झो सान जोर्जो लोक फोटो काढून सोडून देतात. १२६० साली बांधलेली इमारत. मार्को पोलो १२९८ साली जेनोवाच्या कैदेत होता आणि तो इथेच होता असं मानतात, सोबतच्या पिसाच्या कैद्याला त्याने आपली प्रवासाची हकिकत सांगितली, आणि त्या हकिकतीत आपल्या ठाण्याचं राज्य आहे. बाबा ठाण्याचे. ते त्या भिंतीसमोर बराच वेळ उभे होते.

खाण्याच्या चुका

शाकाहारी माणसासाठी जेनोवा इटलीतलं फार सोपं शहर आहे, फक्त नीट मागता आलं पाहिजे. फारिनाता म्हणजे हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ, तांब्याच्या मोठ्या परातीत लाकडाच्या भट्टीत भाजतात, आई पहिल्या घासाला म्हणाली हे तर आपलं बेसनाचं धिरडं. पण कधीकधी त्यात बारीक मासे घालतात, बियांकेत्ती असं लिहिलेलं असेल तर ते घेऊ नका. पेस्तो म्हणजे तुळशीसारख्या बेसिलच्या पानांची चटणी, त्यात लसूणही असते आणि चीजही, आणि पार्मेजानो चीज करताना दूध फाडायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात, तेव्हा कडक शाकाहारी आणि जैन मंडळींनी हे धरून चालावं. नुसता फोकाच्चा, म्हणजे ऑलिव्ह तेलाचा चपटा पाव, मात्र बहुतेकांना चालतो, आणि तिथले लोक तो सकाळी कॅपुचिनोत बुडवून खातात, करून बघा. वेळेची चूक टाळा, दुपारी अडीचनंतर किचन बंद होतात आणि साडेसातच्या आधी जेवण मिळत नाही, आम्ही चार वाजता भुकेले फिरत होतो तेव्हा फोकाच्चाच्या दुकानाने वाचवलं.

पावसाला हलकं घेणं

मुंबईचा पाऊस बघितलेल्या माणसाला वाटतं इटलीतला पाऊस काय करणार. ऑक्टोबर नोव्हेंबरमधे इथे डोंगर आणि समुद्र यांच्यामुळे थोड्या तासांत प्रचंड पाऊस पडतो आणि ओढे थेट शहरातून जातात, बिझान्यो तर ब्रिन्योलेजवळ रस्त्याखालून वाहतो. २०११ च्या नोव्हेंबरमधे आणि २०१४ च्या ऑक्टोबरमधे इथे पुरात माणसं गेली आहेत. अल्लेर्ता म्हणजे धोक्याचा इशारा, तो पिवळा, नारिंगी, लाल असा जाहीर होतो, लालला शाळा, बागा, म्युझियम बंद करतात. त्या दिवशी तळमजल्यावर किंवा भुयारी रस्त्यात थांबू नका, वर राहा. आणि या दोन महिन्यांत जात असाल तर परतीचं विमान मिलानहून असेल तर आदल्या रात्रीच मिलानला जाऊन राहा, त्याच सकाळी जेनोवाहून निघायचं ठेवू नका.